डावीकडून तिसरी भेग

मी दोर कड्याच्या चुकीच्या भेगेवर टाकला. दोराला वरून धरणारा अँकर उत्तम होता, गाठी उत्तम होत्या, तीन ठिकाणी बांधलेले पट्टे असे ताणलेले होते की टिचकी मारली तर तंबोऱ्यासारखे वाजावेत. फक्त हे सगळं ज्या भेगेच्या डोक्यावर असायला हवं होतं तिच्या डोक्यावर नव्हतं, शेजारणीच्या होतं. लग्नाचा मांडव अगदी झकास घालावा, तोरणं लावावीत, सनईवाले बसवावेत, आणि मग कळावं की लग्न पलीकडच्या घरी आहे, तसं. पुढं जे झालं ते चांगलंच झालं, पण त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मागायला मलाही तोंड नव्हतं.

तेव्हा आम्ही लीड्सला हेडिंग्लीत राहायचो. लाल विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं टेरेसचं घर, जिन्याला डुगडुगणारा लाकडी कठडा, आणि स्वयंपाकघर एवढं लहान की फ्रिज उघडला तर मागच्या माणसानं बाहेर जायचं. मी पुण्याचा, मिलिंद नागपूरचा. दोघं एकाच कंपनीत, एकाच प्रोजेक्टवर, एकाच कंटाळ्यात. दोन वर्षं आम्ही डाळ-भात, टोस्ट आणि फ्रोझन मटार यांच्यावर काढली. मग हिवाळ्यात मिलिंद नागपूरला जाऊन लग्न करून आला आणि घरात शुभांगी वहिनी आल्या. वयानं त्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण वहिनी म्हटल्यावर वहिनीच. त्या मला पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' म्हणाल्या आणि पहिल्या दिवसापासूनच रागावल्या.

रागवायला कारण होतं. वहिनी स्वयंपाक करणार, मिलिंद भाजी आणणार आणि भांडी मी घासणार, अशी वाटणी झाली होती. मी भांडी मन लावून घासायचो. कुकरची शिट्टीसुद्धा टूथब्रशनं घासायचो. पण घासून झालं की झारा चहाच्या डब्यांमागे, कुकरची रिंग कटलरीच्या ड्रॉवरमध्ये आणि पोळपाट बुटांच्या कपाटात. का, ते मला आजही सांगता येत नाही. संध्याकाळी फोडणीचं तेल तापलेलं, वहिनींच्या हातात जिरं, आणि झारा बेपत्ता. मग तेल जास्त तापायचं, मिरच्या पडायच्या, आणि हॉलमधला स्मोक अलार्म असा बोंबलायचा की पलीकडची म्हातारी भिंतीवर छडी आपटायची. अलार्मखाली ओला टॉवेल फिरवायचं काम अर्थातच माझं. त्या घराचं संगीत म्हणजे एवढंच : कुकर, अलार्म, छडी आणि टॉवेलचा सपसप आवाज. आज माझ्या घरातला अलार्म सभ्य आहे, मिरच्यांना बोलत नाही. मला ते थोडं सुनं वाटतं.

वहिनींच्या वडिलांचं नागपुरात, इतवारीत बांगड्यांचं दुकान. शाळा सुटली की त्या गादीवर बसायच्या आणि बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या. त्यामुळे नव्या माणसाला भेटलं की त्या तोंडाकडे न बघता आधी हाताकडे बघायच्या. "पोस्टवाली दोन-सहा आहे," "तुमच्या बॉसची बायको दोन-आठ, पण सांधे जाड, तिला दोन-दहाच लागेल," असं चाललेलं असायचं. मला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, तुमच्या हातात बैलाच्या गळ्यातलं कडंच जाईल." त्यांच्या स्वतःच्या हातात वडिलांनी निघताना भरलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, डझनभर. त्यांना त्या फार जपायच्या. "इथं फुटल्या तर भरणार कोण?" म्हणून पीठ मळतानासुद्धा कोपरापर्यंत सरकवून ठेवायच्या. बाहेर मात्र फारशा जायच्या नाहीत. नोकरी नव्हती, ओळखी नव्हत्या, थंडी होती. दुपारी फोनकार्ड खरवडून आईशी बोलायच्या आणि संध्याकाळी आम्हाला विचारायच्या, "मग, आज ऑफिसात काय झालं?" आम्ही सांगायचो, "काही नाही."

ऑफिसात जेफ होता. माझ्या शेजारच्या डेस्कवर बसायचा, टेस्टिंगमध्ये, वय पंचावन्नच्या पुढं, मान पेरूच्या झाडाच्या खोडासारखी. यॉर्कशरचा पक्का, म्हणजे बोलणं मोजून-मापून. 'नॉट बॅड' ही त्याची सर्वोच्च पदवी. ती मी एकदाच ऐकली होती, तीही कँटीनच्या ॲपल-पायला मिळालेली. त्याच्या मॉनिटरला एक फोटो चिकटवलेला होता : कुठल्यातरी अमेरिकन वाळवंटातली लालभडक उभी भिंत, तिच्यात पायापासून माथ्यापर्यंत सुरीनं कापल्यासारखी एक सरळ भेग, आणि भेगेच्या मधोमध मुंगीएवढा जेफ. त्या फोटोसमोर उभं राहून मी एकदा सहज म्हणालो की पुण्याला असताना मीही दर रविवारी किल्ला चढायचो. हे खरं होतं. सिंहगड मी दर रविवारी चढायचो, पायवाटेनं, आणि वर मिळणाऱ्या दह्यासाठी. दह्याचा भाग मी जेफला सांगितला नाही. त्यानं मनातल्या मनात मला तटाच्या भिंतीवर बोटांनी लोंबकळताना पाहिलं असावं, कारण त्याच आठवड्यात मी ओटली गावाच्या पलीकडच्या कड्याखाली, दोर अडकवायचा कमरेचा हार्नेस उलटा घालून उभा होतो.

माझं ढोंग पाच मिनिटांत उघडं पडलं. मला चढता येत नाही हे जेफनं मान्य केलं आणि अँकर बांधायला शिकवू लागला. यॉर्कशरचा तो दगड खरबरीत, तपकिरी, साबुदाण्याच्या पापडासारखा कातडी सोलणारा. कडे फार उंच नसतात, पण सरळसोट असतात. वरून दोर सोडायचा असेल तर वर आधी तो कशाला तरी बांधायला हवा, आणि त्या 'कशाला तरी'त सगळं शास्त्र. जेफचे नियम असे : तीन ठिकाणी बांध. प्रत्येक ठिकाण असं निवड की बाकीची दोन गेली तरी ते एकटं माणूस पेलेल. वजन तिघांत सारखं वाट. ढील कुठंही ठेवू नकोस, कारण एक सुटलं की त्या ढिलाईचा हिसका दुसऱ्याला बसतो. कधी मोठा धोंडा घ्यायचा, कधी झाडाचा बुंधा, कधी चिरेत धातूची पाचर अशी बसवायची की ओढावं तितकी ती घट्ट व्हावी. "दोर कधी तुटत नाही," जेफ म्हणायचा, "माणूस विसरतो."

हे मला आवडलं. चढण्यात मी ढ होतो, पण बांधण्यात माझा जीव रमला. घरी मी कठड्याला बांधायचो, फ्रिजला बांधायचो, बाथरूमच्या नळाला बांधायचो. एका शनिवारी जिन्याच्या वरच्या टोकाला कठड्याचा खांब, रेडिएटरचा पाइप आणि बेडरूमच्या दाराचं हँडल असे तीन पॉइंट घेऊन मी मिलिंदला जिन्यावर मागं झुकायला लावलं. तो झुकला, आणि हँडल उखडून त्याच्या कानाजवळून गेलं. पण मिलिंद तसूभरही खाली आला नाही! उरलेल्या दोघांनी त्याला अलगद धरला. मी आनंदानं टाळ्या वाजवल्या. मिलिंद हवेत तिरका, पांढरा पडलेला. वहिनी हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघरातून आल्या आणि आमच्याकडे बघत राहिल्या.

"काय करून राहिले तुम्ही दोघं?"

"सेफ्टी," मी म्हणालो.

"अन् दाराचं हँडल?"

"ते सेफ नव्हतं."

वसंतात जेफनं ऑफिसात सांगितलं की त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय; उन्हाळाभर तो कड्यावर येणार नाही. रविवारी कड्यावर येणाऱ्या ऑफिसातल्या आम्हा पाच-सहा जणांसाठी दोर कोण बांधणार? मी घसा साफ केला. जेफ म्हणाला की येत्या रविवारी तू एकट्यानं बांध, मी तपासेन, ठीक असेल तर दोराची बॅग तुझी. ती बॅग म्हणजे त्याची तीस वर्षांची दौलत : दोर, पट्टे, धातूच्या कड्या, झिजलेल्या पाचरी. तिच्यात हात घालायची कुणाला परवानगी नव्हती. त्या आठवड्यात मी कोड कमी लिहिला आणि गाठी जास्त मारल्या. आयुष्यात एका गोष्टीत तरी कुणी मला 'याच्यावर सोडा' म्हणावं, एवढीच इच्छा होती.

रविवारी ऊन पडलं. यॉर्कशरमध्ये ऊन पडलं की घरात बसणं हा गुन्हा असतो, म्हणून वहिनीही निघाल्या. डब्यात पोळ्या, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा. बाकीचे कुणी त्या दिवशी आले नव्हते. जेफ आणि आम्ही तिघंच. कड्याखालच्या गवतात बसून जेवलो. माळावर टिटव्या ओरडत होत्या, मेंढ्या आमच्या डब्याकडे बघत होत्या. जेफनं ठेचा चमच्यानं खाल्ला, आम्ही ओरडेपर्यंत. त्याचे डोळे वाहायला लागले, कान लाल झाले, आणि बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "नॉट बॅड." दोन वर्षं मी त्या दोन शब्दांसाठी झुरत होतो. वहिनींना ते पहिल्याच घासाला मिळाले.

मग जेफनं सहज विचारलं, वहिनी चढणार का. मिलिंद नाही म्हणायच्या आत त्या हो म्हणाल्या. "पण काच चालणार नाही," जेफनं बांगड्यांकडे बोट दाखवलं. मग डबा बांधून आणलेली सुपरमार्केटची पातळ पिशवी वहिनींनी डाव्या हातावर मोज्यासारखी चढवली, अंगठा तळव्यात दुमडला, पंजा असा काही निमुळता केला की हातात हाडं आहेत की नाहीत असं वाटावं, आणि पिशवीवरून एकेक बांगडी सळसळत बाहेर. सहा या हाताच्या, सहा त्या. एकही तडकली नाही. जेफनं आपली लोकरी टोपी काढून पुढं धरली आणि त्यांनी तिच्यात सगळ्या ठेवल्या. जेफ त्यांच्या हाताकडे बघतच राहिला होता.

भेगेत चढायचं ते हात आत घालून, हे त्यानं मग त्यांना एका लहान धोंड्यावर दाखवलं. पंजा पातळ करून आत सरकवायचा आणि मग अंगठा तळव्यात दाबायचा, म्हणजे अंगठ्याखालचा उंचवटा फुगतो आणि हात चिरेत पाचरीसारखा बसतो. मी हे वर्षभर करत होतो आणि प्रत्येक वेळी फक्त कातडी काढून घेत होतो. वहिनींनी एकदा हात घातला, काढला, पुन्हा घातला.

"हे तर उलटं आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "बांगडी भरताना सगळा त्रास या उंचवट्याचाच असते. त्याला दाबून, लपवून न्यायचं. इथं आत गेल्यावर त्याला बाहेर काढायचं, एवढंच न?"

एवढंच होतं. ते मला वर्षभर कुणी असं सांगितलं नव्हतं.

आता कड्यावर शेजारी-शेजारी चार भेगा. डावीकडून तिसरी 'मिल्कमन', ग्रेड 'डिफिकल्ट'. इंग्लंडात डिफिकल्ट म्हणजे सोपं. हे लोक संकटाचीसुद्धा अशीच नावं ठेवतात. तिच्या डाव्या बाजूला, म्हणजे दुसरी, 'मॅजिस्ट्रेट' : व्हेरी सिव्हिअर, म्हणजे खरोखरच अवघड, उभी, चिंचोळी, मध्ये फुगीर. तिच्यावर ऑफिसातलं कुणी कधी गेलं नव्हतं. मी बॅग घेऊन मागच्या वाटेनं वर गेलो. मनात घोकत होतो : डावीकडून तिसरी, डावीकडून तिसरी. वर पोचलो, दरीकडे तोंड करून उभा राहिलो, आणि डावीकडून तिसरी मोजली.

वाचकहो, तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

मी अर्धा तास बांधत होतो. एक पट्टा गाडीएवढ्या धोंड्याला, एक रोवनच्या झाडाच्या बुंध्याला, एक खोल चिरेतल्या पाचरीला. तिन्ही एका कडीत आणले, वजन वाटलं, ढील काढली, गाठी मोजल्या. मग जेफ लंगडत वर आला. प्रत्येक पट्टा ओढला, पाचर हलवून पाहिली, सगळं वजन टाकून लोंबला. कडेवरून एकदा खाली डोकावला. "राइट देन," म्हणाला, आणि परत खाली गेला. मी त्या 'राइट देन'ला मनातल्या मनात फ्रेम करून भिंतीवर लावलं.

मी स्वतःला अँकरला बांधून, मागं सरकून, दोर हातात घेऊन बसलो. तिथून खालचं काही दिसत नव्हतं. फक्त कडेवरून जाणारा दोर आणि खालून येणारे आवाज. आधी मिलिंद. दोर दोन फूट वर आला आणि थांबला. खालून कण्हणं. मग एक फूट परत गेला.

"अरे मिलिंद्या, मिल्कमन आहे तो!" मी वरून ओरडलो. "जेफची सहा वर्षांची नात चढते यावर!"

"मग तिलाच बोलाव!"

"हात घाल, हात!"

"हात जात नाहीये अव्या, बोटं जातायत फक्त!"

मी वर एकटाच हसत होतो. पाच-सहा मिनिटांनी दोर ढिला झाला. मिलिंद उतरून गवतात आडवा पडला असणार. मग बराच वेळ काही नाही, आणि मग वहिनींचा आवाज.

"भाऊजी, धरलं न?"

"धरलंय, वहिनी."

दोर हलू लागला. हातभर वर, थांबला. वीतभर वर, थांबला. मी घेत गेलो. मिलिंदच्या वेळी दोर धडपडत येत होता. हा मापानं येत होता, जसं कुणी कापड मोजून देतंय. खालून मिलिंदचं "सांभाळून गं," "अगं, पाय!" चाललं होतं. जेफचा आवाज नव्हता. वारा सुटला, टिटवी एकदा ओरडली, आणि अर्ध्याहून जास्त दोर माझ्या मागं वेटोळं होऊन पडला असेल, तेवढ्यात तो एकदम खाली गेला.

फार नाही, फूटभरच. पण सगळं वजन. माझी कंबर पुढं ओढली गेली, तीन पट्टे एकाच वेळी ताणले गेले, बुंधा किंचित कुरकुरला. मी त्या तिघांकडे बघत राहिलो. जेफ, बॅग, नॉट बॅड, सगळं डोक्यातून गेलं. इतवारीच्या दुकानात गादीवर बसलेला एक माणूस, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं, तो तेवढा दिसला. पाचर हलली नाही. धोंडा हलला नाही. मीही हललो नाही.

"भाऊजी?"

"हो, वहिनी?"

"पडली का मी?"

"नाही. लटकल्या आहात."

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि दोर पुन्हा मापानं वर येऊ लागला.

आधी कडेवर एक हात आला, मागच्या बाजूनं खरचटलेला, धुळीनं पांढरा. मग दुसरा. मग घामानं डबडबलेलं, हसू न मावणारं तोंड. त्या घरात मी त्यांना रागावताना पाहिलं होतं, आईशी बोलून डोळे पुसताना पाहिलं होतं. असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्या माझ्या शेजारी फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "बाप्पा! हा सोपा होता?"

तेव्हा मी कडेला जाऊन खाली पाहिलं. खाली मिलिंद, त्याच्या उजव्या हाताला रिकामी, पायऱ्यापायऱ्यांची, प्रेमळ मिल्कमन. आणि माझा दोर सरळ गेलेला मॅजिस्ट्रेटवरून. मी मोजलं. मग उलटं मोजलं. मग खाली बसलो.

जेफ टोपी दोन्ही हातांत धरून, प्रसादाचं ताट आणावं तसा, मागच्या वाटेनं वर आला. टोपी वहिनींच्या पुढ्यात ठेवली.

"तू दरीकडे तोंड करून मोजलंस," मला म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"खाली डोकावलो तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"तू मला अँकर बघायला बोलावलं होतंस. अँकर ठीक होता." त्यानं दुखरा गुडघा चोळला. "मिलिंद दोन मिनिटांत खाली येणार हे दिसत होतं. मग म्हटलं, हिचा हात पाहिलाय, बघू."

त्यानंतर मीही मॅजिस्ट्रेटवर गेलो. जावंच लागलं. जेफनं वरून धरलं, आणि मी सहा फुटांवर, माझ्याच उत्तम अँकरला, दांडीवर वाळत घातलेल्या लेंग्यासारखा बराच वेळ लटकलो. खालून मिलिंद ओरडला, "अरे अव्या, जेफची नात!" ते माझ्या नशिबी होतंच.

आता माझे गुडघे जेफच्या तेव्हाच्या गुडघ्यांसारखे झालेत आणि माझं चढणं जिन्यापुरतं उरलंय. पण अलीकडेच फोनवर एक फोटो आला : लालभडक उभी भिंत, सरळ भेग, मधोमध मुंगीएवढ्या वहिनी, डोक्याचे केस पांढरे. खाली मजकूर होता, 'भाऊजी, जेफच्याच वाळवंटात.' मी तो मोठा करून पाहिला, हात दिसतात का म्हणून. आत होते, भेगेत.

त्या रविवारी मात्र, मिलिंदही मागच्या वाटेनं वर आल्यावर, आम्ही चौघं ऊन उतरेपर्यंत वरच बसलो होतो. वहिनी पिशवी हातावर चढवून एकेक हिरवी बांगडी परत भरत होत्या, मोजत होत्या. बारा भरल्या. मी अँकर सोडला, पट्टे गुंडाळले, कड्या पुसल्या, दोराचं नीट वेटोळं केलं आणि बॅग भरून जेफसमोर ठेवली. मग तोंड पाडून उभा राहिलो. जेफनं बॅगेची चेन उघडून आत पाहिलं, बंद केली, आणि ती उचलून वहिनींच्या मांडीवर ठेवली.

"बॅग हिच्याकडे राहील," तो म्हणाला. "बांधायचं यानंच. याच्या गाठीवर मी माझी आई लटकवीन. पण कुठं बांधायचं, ते हिनं सांगायचं."

वहिनींनी बॅगेवर हात ठेवला. बांगड्या वाजल्या. त्यांना जराही आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"घरी पण असंच आहे यांचं," त्या मिलिंदला म्हणाल्या. "घासतात चकाचक, अन् ठेवतात भलतीकडे."